न दिसणाऱ्या उजेडाचा दिवा



ज्या शाळेत मी शिकले, तिच्याच पटांगणावर सरांच्या स्मृतीसाठी बोलायला उभी राहिले की आधी आठवतात त्या तीन तापमापी. आम्ही नववीत होतो. सरांनी व्हरांड्यात लोलक मांडला, कंदिलाच्या काचेवरची काजळी लावून तिन्ही तापमापींचे फुगे काळे केले आणि पांढऱ्या कागदावर सप्तरंगी पट्टा पाडला. एक तापमापी निळ्यात ठेवली, एक तांबड्यात, आणि तिसरी तांबड्याच्याही पलीकडे, जिथे कागद नुसता कागद दिसत होता. दहा मिनिटांनी सर्वांत वर चढला होता तिसरीतला पारा. सरांनी आम्हाला ते तीन आकडे वहीत लिहायला लावले आणि तास संपवला. असं का झालं, ते दुसऱ्या दिवशी सांगितलं. एक रात्र त्यांनी तो प्रश्न आमच्याकडे राहू दिला.

हा प्रयोग मूळचा विल्यम हर्शेलचा, इंग्लंडमधला, सन १८०० चा. व्यवसायाने संगीतकार असलेल्या या माणसाने १७८१ मध्ये युरेनस शोधला होता. सूर्याकडे दुर्बिणीतून बघताना डोळ्यांना चटका बसू नये म्हणून तो रंगीत काचा तपासत होता. कोणत्या रंगातून किती उष्णता येते हे मोजता मोजता तो रंगांच्या बाहेर पोहोचला. सरांनी आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली होती, तिचं मोल मला फार उशिरा कळलं. लोलक तांबड्याकडचे आणि त्यापलीकडचे किरण दाटीवाटीने पाडतो, म्हणून तिसऱ्या तापमापीच्या वाट्याला वर्णपटाचा मोठा तुकडा येतो. ‘पारा चढला हे खरं, पण का चढला यात लोलकाचाही हात आहे,’ असं ते म्हणाले होते. उपकरण आपल्या उत्तरात स्वतःचं काहीतरी मिसळत असतं, हे मी पहिल्यांदा त्या व्हरांड्यात ऐकलं.

आजचा विषय त्या तिसऱ्या तापमापीच्या जागेतलाच आहे. तिथे सूर्य जो अवरक्त प्रकाश टाकत होता, तो नखाएवढ्या चिपवर कसा निर्माण करायचा, आणि त्यासाठी इतका खटाटोप का करायचा, एवढंच मला सांगायचं आहे.

असा दिवा तुमच्यापैकी बहुतेकांनी हाताळलेला आहे. २०२० आणि २०२१ मध्ये घराघरात ऑक्सिमीटर आले. रात्री तीन वाजता आईच्या बोटाला तो चिमटा लावून आकड्याची वाट पाहिलेली माणसं इथे बसली आहेत, त्यांना ऑक्सिमीटर म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. त्या चिमट्यात दोन एलईडी असतात. एकीचा प्रकाश तांबडा, ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा, तो आपल्याला दिसतो. दुसरी साधारण ९४० नॅनोमीटरची, ती दिसत नाही. ऑक्सिजन घेतलेलं आणि न घेतलेलं हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. बोटातल्या नाडीच्या ठोक्याबरोबर जेवढं शोषण खालीवर होतं तेवढंच धमनीतल्या रक्ताचं मानायचं, ही कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७४ मध्ये मांडलेली. म्हणजे ऑक्सिमीटर हा दोनच तरंगलांबींचा, पण खराखुरा वर्णपटमापक आहे.

त्याच दशकात ह्यूलेट-पॅकार्डने कानाच्या पाळीला लावायचा ऑक्सिमीटर काढला होता. तो आठ तरंगलांबी वापरायचा. आत टंगस्टनचा दिवा, फिरणाऱ्या चकतीवर बसवलेले फिल्टर आणि कानापर्यंत प्रकाश नेणारे काचतंतू. उपकरण उत्तम होतं, पण ते रुग्णालयातच राहिलं. आठाच्या दोन तरंगलांबी झाल्या आणि दिव्याच्या जागी अर्धवाहकाचे दोन कण आले, तेव्हा तेच मापन बोटावर येऊन बसलं. प्रकाश ओळखणारा डिटेक्टर आधीही लहानच होता. अडत होतं ते दिव्यापाशी.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि वीस वर्षं या कामात घालवल्यावर ते मी ठामपणे सांगते. वर्णपटमापक लहान करायचा म्हटलं की सगळे प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या ग्रेटिंगकडे, डिटेक्टरकडे, गणिताकडे धावतात. दिव्याचा विचार शेवटी होतो, पेटीत जागा उरली तर. मग प्रयोगशाळेत सुंदर चालणारं उपकरण बॅटरीवर, धुळीत, उन्हात चालेनासं होतं. दिवा पहिल्या दिवसापासून, ज्या पदार्थाचं मापन करायचं त्या पदार्थासाठी घडवावा लागतो.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. २०२४ च्या हंगामात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, इतका तो प्रश्न पेटला होता. मोंढ्यावरचं यंत्र दाण्यांच्या विद्युत गुणधर्मावरून पाणी किती ते सांगतं, आणि तेवढंच सांगतं. सोयाबीनमध्ये साधारण पाचवा हिस्सा तेल आणि सुमारे ४० टक्के प्रथिनं असतात. त्यांच्याबद्दल ते यंत्र गप्प असतं, आणि शेतकऱ्यालाही काही कळत नाही. अवरक्त प्रकाशाला मात्र हे सगळं कळतं. पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजनचा बंध १.४५ आणि १.९४ मायक्रॉनजवळ प्रकाश गिळतो, तेलातले कार्बन-हायड्रोजनचे बंध १.७ च्या पुढेमागे, प्रथिनांतले नायट्रोजन-हायड्रोजनचे बंध २ ते २.२ च्या दरम्यान. धान्यासाठी हे तंत्र उभं केलं अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या कार्ल नॉरिस यांनी, १९६० च्या दशकात. आजही टेबलावरच्या अशा बहुतेक यंत्रांत हॅलोजन दिवा असतो. तो उत्तम प्रकाश देतो, पण काही वॅट खातो, तापून स्थिरावायला वेळ घेतो, आणि त्याची तार हळूहळू झिजत जाते.

मग चिपवर काय ठेवायचं? निसर्गाने दोन वाटा दिल्या आहेत. वस्तू तापवायची, नाहीतर इलेक्ट्रॉनला वरच्या पायरीवरून खाली उतरवायचं.

तापवण्याची वाट जुनी. १८५९ पासून लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल वायूंवर प्रयोग करत होता. त्याचा दिवा होता उकळत्या पाण्याने भरलेला तांब्याचा डबा. त्या डब्यातून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांवर त्याने पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड काय करतात ते दाखवून दिलं. त्याच्या मांडणीतली एक गोष्ट मला फार आवडते. त्याने डिटेक्टरच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक तापलेला डबा ठेवला होता. दोन्हीकडची उष्णता समसमान करून काटा शून्यावर आणायचा, आणि मगच नळीत वायू सोडायचा. मूळ प्रकाश प्रचंड आणि त्यातला बदल चिमूटभर, तेव्हा प्रचंड आकडा आधी वजा करून टाकायचा. आज कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या छोट्या सेन्सरमध्ये एक वाट ४.२६ मायक्रॉनची, जिथे तो वायू प्रकाश गिळतो, आणि दुसरी शेजारची, जिथे गिळत नाही, अशा दोन वाटा ठेवतात. हेतू टिंडलचाच आहे.

तापलेली वस्तू किती आणि कोणता प्रकाश देईल, हे मॅक्स प्लांकने १९०० मध्ये सूत्रात बांधलं. त्यामागचा प्रश्न अगदी व्यवहारातला होता. बर्लिनच्या शासकीय प्रयोगशाळेला दिव्यांच्या उजेडासाठी प्रमाण हवं होतं, म्हणून तिथे तापलेल्या पोकळीतून येणारा प्रकाश काटेकोरपणे मोजत होते. ७ ऑक्टोबरच्या रविवारी हाइनरिश रुबेन्स प्लांकच्या घरी आले, मापनं कशी येतात ते त्यांनी सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी प्लांकने सूत्र लिहिलं. पुंजभौतिकीचा उगम दिव्याच्या प्रश्नात आहे, ही गोष्ट आमच्यासारख्या दिवे घडवणाऱ्यांना बळ देते.

त्या सूत्राचा हिशेब मांडू या. ७०० केल्विन, म्हणजे सुमारे ४२७ अंश सेल्सिअसला तापवलेला, एक चौरस मिलिमीटरचा पूर्ण काळा ठिपका एकूण सुमारे १३.६ मिलिवॅट प्रकाश देतो. त्याचं शिखर ४.१ मायक्रॉनवर येतं, कार्बन डायऑक्साइडच्या अगदी शेजारी. पण आपल्याला हवा असतो ४.२६ भोवतीचा अरुंद पट्टा. तो एक दशांश मायक्रॉन रुंद धरला तर त्यात पडतात फक्त ०.२ मिलिवॅट. बाकीचं सगळं भलतीकडे जातं. शिवाय ठिपका त्या तापमानावर टिकवायला लागणारी वीज या १३.६ पेक्षा कितीतरी जास्त असते, कारण उष्णता आधार देणाऱ्या सिलिकॉनमधून आणि आजूबाजूच्या हवेतून पळत असते.

आता आमची खरी कारागिरी सांगते. सिलिकॉन उष्णतेचा उत्तम वाहक आहे, सिलिकॉनच्या ऑक्साइडच्या शंभरपट. म्हणून तापणाऱ्या भागाखालचं सिलिकॉन मागच्या बाजूने कोरून काढून टाकायचं. मागे उरतो ऑक्साइड आणि नायट्राइडचा एक-दोन मायक्रॉन जाडीचा पापुद्रा. डोक्याचा केस याच्या कित्येकपट जाड असतो. त्या पापुद्र्याच्या पोटात टंगस्टनची किंवा प्लॅटिनमची नागमोडी तार. अॅल्युमिनियम इथे चालत नाही, या तापमानाला प्रवाहाबरोबर त्याचे अणूच सरकू लागतात. टंगस्टनला उष्णतेचं भय नाही, पण हवा लागली की ते गंजतं, म्हणून त्याला चहूबाजूंनी झाकायचं. अशा दिव्याला काही दहा ते काही शे मिलिवॅट पुरतात, आणि अंगी उष्णता इतकी कमी साठते की तो सेकंदात अनेक वेळा तापतो आणि निवतो. ही उघडझाप फार मोलाची. आजूबाजूच्या सगळ्याच वस्तू अवरक्त प्रकाश देत असतात. त्या गोंगाटात आपला दिवा ओळखू यायचा तर तो ठरलेल्या तालात लुकलुकायला हवा.

आमच्या पहिल्या तुकडीतले बहुतेक पापुद्रे फाटले. कोरून होईपर्यंत ठीक असायचे, आणि शेवटच्या धुण्यात, पाणी सुकताना, एकेक फुटत जायचे. तीन महिन्यांचं काम त्या धुण्यात जाताना मी सूक्ष्मदर्शकातून पाहत होते. चूक माझी होती. ऑक्साइडचा थर आतून दाबलेला असतो आणि नायट्राइडचा ताणलेला. दोघांची जाडी अशी जुळवायची असते की एकूण पापुद्रा किंचित ताणलेला राहील, तबल्याच्या पुडीसारखा. ढिला पडला तर सुरकुततो, फार ताणला तर फाटतो. मी उष्णतेचं गणित केलं होतं आणि ताणाचं दुसऱ्याच्या शोधनिबंधातून उचललं होतं. प्रत्येक भट्टीतला थर वेगळा निघतो. तो आपल्याच भट्टीत मोजावा लागतो.

तुकडी टिकू लागली तेव्हा दुसरी अडचण पुढे आली. दिवा तापत होता, पण प्रकाश देत नव्हता. किर्खोफचा नियम सर्वांनी शाळेत वाचलेला असतो. जो पदार्थ जी तरंगलांबी चांगली शोषतो, तोच ती चांगली उत्सर्जित करतो. आमचा पापुद्रा ४ मायक्रॉनच्या आसपास जवळजवळ पारदर्शक होता, म्हणजे शोषत नव्हता, म्हणजे उजळतही नव्हता. जुना उपाय म्हणजे त्याला काळं फासणं, सरांनी तापमापीला काजळी लावली तसं. प्लॅटिनमचा काळा थर किंवा कार्बनच्या सूक्ष्मनळ्या यासाठी वापरतात. नवा उपाय जास्त देखणा आहे. पापुद्र्यावर धातूचे ठिपके एकसारख्या नक्षीत बसवायचे, तरंगलांबीच्या निम्म्याहून लहान, आणि खाली धातूचाच सपाट थर. ठिपक्याचं माप बदललं की तो कोणती तरंगलांबी शोषतो ते बदलतं, आणि किर्खोफच्या नियमाने तीच तो फेकतो. फ्रान्समधल्या ग्रेफे आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये सिलिकॉन कार्बाइडवर खाचा कोरून असा तापलेला पृष्ठभाग केला की विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश विशिष्ट दिशेनेच निघे. तापलेल्या वस्तूचा प्रकाश म्हणजे दाही दिशांना उधळलेला प्रकाश, ही माझी पाठ केलेली समजूत तिथे मोडली.

एक गैरसमज मात्र वारंवार ऐकू येतो, तो दूर करते. अशी नक्षी प्लांकच्या मर्यादेपेक्षा जास्त प्रकाश देत नाही. त्या तरंगलांबीला ती जास्तीत जास्त पूर्ण काळ्या पृष्ठभागाची बरोबरी करते. फायदा असा की नको त्या तरंगलांबींवर वीज उधळली जात नाही. उष्णता हवेतूनच पळत असेल तर तोही फायदा बुडतो. म्हणून नक्षीवर मेहनत घेण्याआधी दिवा निर्वात पाकिटात बंद करा, नाहीतर आत झेनॉन भरा. झेनॉन हवेच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतकीच उष्णता वाहतो.

दुसरी वाट इलेक्ट्रॉनची. घरातल्या टीव्हीच्या रिमोटमध्ये अवरक्त एलईडी असते आणि ती स्वस्त, टिकाऊ, वेगवान आहे. पण तरंगलांबी ३-४ मायक्रॉनपर्यंत वाढवत नेली की अर्धवाहकातली पायरी बुटकी होते, आणि उतरणारा इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा प्रकाशाला देण्याऐवजी शेजारच्या इलेक्ट्रॉनच्या हाती देऊन टाकतो. याला ओझे परिणाम म्हणतात. त्यामुळे लांब तरंगलांबीच्या एलईडी मंद पडतात. यातून वाट काढली ती पायऱ्यांचा जिना बांधून. १९७१ मध्ये लेनिनग्राडच्या काझारिनोव्ह आणि सुरिस यांनी सुचवलं, आणि १९९४ मध्ये बेल लॅब्जमध्ये जेरोम फाइस्ट, फेदेरिको कापासो आणि सहकाऱ्यांनी करून दाखवलं. अणूंच्या मोजक्या थरांचे पडदे रचायचे, म्हणजे एकच इलेक्ट्रॉन पायरी पायरीने उतरत प्रत्येक पायरीवर प्रकाशाचा एक कण देतो. हा क्वांटम कॅस्केड लेसर. त्याच्या जातकुळीतला इंटरबँड कॅस्केड लेसर क्युरिऑसिटी गाडीबरोबर मंगळावर गेला, आणि ३.२७ मायक्रॉनवर तिथल्या हवेत मिथेन शोधत राहिला.

मग सगळीकडे लेसरच का नाही? वायूची शोषणरेषा सुईसारखी बारीक असते, तिथे लेसर बरोबर. सोयाबीनचा, दुधाचा, मातीचा वर्णपट टेकड्यांसारखा रुंद, तिथे एका तरंगलांबीचा लेसर म्हणजे अख्ख्या डोंगररांगेवर एकच खुंटी. शिवाय खडबडीत दाण्यावरून परतलेला लेसरचा प्रकाश ठिपक्याठिपक्यांचा होतो आणि मापन डळमळतं. अशा कामासाठी मला एक साधी युक्ती जास्त आवडते. निळ्या एलईडीवर क्रोमियम घातलेला फॉस्फर चढवायचा. पांढऱ्या बल्बमध्ये निळ्याचं पिवळं होतं, तसंच इथे निळ्याचं साधारण ७०० ते १००० नॅनोमीटरचं रुंद अवरक्त होतं. या पट्ट्यात साधा सिलिकॉनचा डिटेक्टर चालतो, त्याहून महाग काही लागत नाही. त्याच बंधांचं शोषण इथे फार कमजोर असतं हे खरं, पण त्यामुळेच प्रकाश अख्ख्या दाण्यातून आरपार जातो आणि सालीबरोबर गराचीही बातमी आणतो.

तरुण संशोधकांसाठी एक आकडा मुद्दाम सांगते, कारण मला तो कोणी वेळेवर सांगितला नव्हता. हल्ली अख्खा वर्णपटमापक चिपवरच्या प्रकाशवाहिन्यांत कोरतात. अशा अरुंद वाहिनीतून प्रकाश एकाच तऱ्हेने चालू शकतो. १००० केल्विनला तापलेला एक चौरस मिलिमीटरचा काळा ठिपका जवळजवळ ५७ मिलिवॅट प्रकाश देतो. त्यातला त्या एका वाहिनीत किती शिरेल? सगळ्या तरंगलांबी मिळून, एका ध्रुवणाचा, अर्ध्या मायक्रोवॅटहून कमी. लाखातला एक भागही नाही. कोणतंही भिंग यात मदत करत नाही, कारण भिंग प्रकाश लहान जागेत आणतं तेव्हा त्याच्या दिशा फाकवतं, आणि वाहिनी फाकलेला प्रकाश घेत नाही. म्हणून दिवा तापवायचा असेल तर त्याच्यासाठी रुंद दाराचा वर्णपटमापक बांधा, आणि अरुंद वाहिनीच हवी असेल तर लेसरकडे जा. हा निर्णय आधी झाला नाही, तर दोन उत्तम चिपा एकमेकींना निरुपयोगी ठरतात.

शेवटी पुन्हा ऑक्सिमीटरकडे येते. एकाच तुकडीतल्या दोन एलईडी कधीही तंतोतंत एका तरंगलांबीच्या नसतात. काही नॅनोमीटर सरकल्या की ऑक्सिजनचा आकडा बदलतो. म्हणून जुन्या काळी बनवणाऱ्यांनी प्रत्येक चिमट्याच्या वायरीत एक छोटा रोध बसवला, ज्याचं मूल्य वाचून यंत्राला कळावं की या चिमट्यातली एलईडी नेमकी किती नॅनोमीटरची आहे. दिव्याचा स्वभाव दिव्याबरोबरच लिहून पाठवलेला. मला ही या क्षेत्रातली सर्वांत शहाणी कल्पना वाटते. पण डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ऑक्सिजनची धोकादायक कमतरता ऑक्सिमीटरच्या नजरेतून जवळजवळ तिप्पट वेळा निसटते. त्वचेतलं मेलॅनिनही प्रकाश गिळतं, आणि ज्यांच्या बोटांवर यंत्र पारखलं त्यांत ती त्वचा पुरेशी नव्हती. हे वाचल्या दिवशी मला झोप लागली नाही. सावळ्या माणसांच्या देशात आपण त्या आकड्यावर रुग्णाला घरी ठेवायचं की न्यायचं ते ठरवत होतो.

सोयाबीनचंही तसंच आहे. दुसऱ्या देशातल्या वाणांवर बसवलेलं गणित आपल्या दाण्याला, आपल्या मातीच्या धुळीला आणि भर दुपारच्या पत्र्याच्या शेडला जसंच्या तसं लागू पडेल, असं धरून चालता येत नाही. सोयाबीन मोजायच्या आमच्या पेटीत आता फॉस्फरच्या एलईडी आहेत, शेजारी त्यांच्याच प्रकाशाकडे सतत बघणारा एक वेगळा डिटेक्टर आहे, टिंडलच्या दुसऱ्या डब्यासारखा, आणि झाकणात तुलनेसाठी एक पांढरी फरशी आहे. तापमान वाढलं की एलईडीचा प्रकाश घटतो आणि सरकतो. किती, ते प्रयोगशाळेत आम्ही मोजलं आहे. शेडमध्ये मोजलेलं नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला नवं सोयाबीन मोंढ्यावर येईल, तेव्हा आम्ही पेटी घेऊन तिथे बसणार आहोत. दर अर्ध्या तासाने पांढऱ्या फरशीचं माप, पेटीतलं तापमान आणि दाण्याचं माप वहीत लिहू, आणि त्याच दाण्यांचे नमुने तेल काढून तपासायला पाठवू. मुख्याध्यापकांशी माझं बोलणं झालं आहे. नववीचे दोन विद्यार्थी रोज आमच्याबरोबर असतील. आकडे तेच लिहितील, आणि ते का तसे आले हे मी त्यांना दुसऱ्या दिवशी सांगेन.